नाशिकमधला मोकळा अर्धा दिवस: बेळगावकरांसाठी धबधबा, धरणातली बोट आणि वाईन टेस्टिंग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून नाशिकला जाणारी बहुतेक कुटुंबे त्र्यंबकेश्वरच्या पूजेसाठी आणि जोडून शिर्डीसाठी जातात. या प्रवासात एखादी दुपार जवळजवळ नेहमीच मोकळी उरते आणि ती हॉटेलच्या खोलीत लोळण्यात किंवा मेन रोडच्या बाजारात फिरण्यात संपते. त्याच दुपारी गोदावरीचा धबधबा, गंगापूर धरणाच्या जलाशयातली बोटीची फेरी आणि द्राक्षमळ्यातले वाईन टेस्टिंग अशा तिन्ही गोष्टी निवांत होऊ शकतात, कारण ही तिन्ही ठिकाणे शहरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या एकाच गंगापूर रस्त्याच्या बाजूला, साधारण पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. त्यासाठी दोन बंधने मात्र पाळावी लागतात. पहिले म्हणजे त्या दिवशी हा रस्ता सोडायचा नाही, आणि दुसरे म्हणजे पाणी आधी आणि वाईन नंतर हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर उलटा करायचा नाही. पुढची सगळी आखणी या दोन बंधनांवर उभी आहे.

इतक्या लांब नाशिकलाच का

द्राक्षे आपल्या भागाला नवी नाहीत. अथणी तालुक्यात द्राक्षबागा आहेत, विजापूरकडे त्या मोठ्या प्रमाणावर आहेत आणि सीमेपलीकडे तासगावचा बेदाणा सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात नाशिक जिल्ह्यातील विंचूरसोबत सांगली जिल्ह्यातील पलूसलाही वाईन पार्क, म्हणजे वाईन उद्योगांची वसाहत, दिले. कर्नाटकानेही २००७ मध्ये स्वतःचे वाईन धोरण आणले. तरीही आपल्याकडची द्राक्षे बहुतांशी खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात. हिडकल धरणात पाणी आहे आणि अथणीला द्राक्षे आहेत, पण पाहुण्याला मळा दाखवून, वाईन कशी होते हे समजावून, नंतर ती शास्त्रशुद्ध रीतीने चाखायला देणारी व्यवस्था आणि तिच्या शेजारीच बोटीचा धक्का अशी जोडी आपल्या जिल्ह्यात नाही.

नाशिकमध्ये ही जोडी जमली ती मुख्यतः सुला विनयार्ड्समुळे. राजीव सामंत यांनी अमेरिकेतले शिक्षण आणि तिथली नोकरी आटोपून परतल्यावर गोवर्धन परिसरातील घरच्या जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि १९९९ मध्ये कंपनी उभी केली. पाहुण्यांसाठीचे टेस्टिंग दालन २००५ मध्ये सुरू झाले. सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या वाईनपासून त्यांची सुरुवात झाली होती. त्याच परिसरात यॉर्क ही लहान वाईनरी आहे. २०२१ पासून तीही सुलाच्याच मालकीची आहे. गर्दीचा कंटाळा असणाऱ्यांनी आधी यॉर्कचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुलाचे नाव मोठे असल्याने शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे तिकडेच लोटतात, आणि समजावून सांगणाऱ्याचा आवाजसुद्धा मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

महिना आणि वार

नाशिकची द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलमधली खरड छाटणी वेलीची वाढ आणि पुढच्या फळधारणेची तयारी यांसाठी असते, तर पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आगेमागे होणारी छाटणी प्रत्यक्ष फळासाठी असते. युरोपात द्राक्षे उन्हाळ्यात वाढून शरदात काढली जातात. आपल्याकडे पावसाळ्यात घड धरले तर ते कुजतील, म्हणून सारे चक्र हिवाळ्यावर ढकललेले आहे आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. मळ्यात घड लटकलेले पाहायचे असतील आणि आत यंत्रे चालू असलेली पाहायची असतील, तर हाच काळ निवडावा. मे महिन्यात गेलात तर हिरवी पाने दिसतील, फळ दिसणार नाही आणि जलाशयही बराच आटलेला असेल.

पावसाळ्यात धबधबा सुंदर असतो, पण वारा-पाऊस आणि धरणातला विसर्ग यांमुळे बोटी बंद राहतात, त्यामुळे या सहलीचा एक पाय मोडतो. पाणी भरलेले आणि हवा स्वच्छ असा काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा. माझी पसंती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतच्या कामाच्या दिवसांना, म्हणजे सोमवार ते गुरुवार. सुलाचा संगीत महोत्सव फेब्रुवारीत असतो. ज्या वर्षी तो असेल त्या वर्षी तो शनिवार-रविवार टाळावा, कारण खोल्या महागतात आणि रस्ता तुंबतो. २०२७ चे सिंहस्थ पर्व जवळ येत असल्याने शहरातील वाहतुकीत बदल होत राहणार, हेही तारीख ठरवताना लक्षात ठेवावे.

एक गोष्ट आपल्याकडची मंडळी हमखास विसरतात, ती म्हणजे ड्राय डे, मद्यविक्री बंद असलेले दिवस. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस दोन्ही राज्यांत सारखेच आहेत. महाराष्ट्रात आषाढी एकादशीही त्यात येते, आणि निवडणुकीच्या मतदानाच्या व मतमोजणीच्या वेळीही विक्री बंद असते. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जोडून सहल आखणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा बेत आहे.

पूजेचा दिवस आणि हा दिवस वेगळे ठेवावेत. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा असतो आणि त्या काळात आहाराची बंधने असतात. विधी पूर्ण होऊन एक रात्र गेल्यावरच हा कार्यक्रम ठेवला म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनालाही बोच राहत नाही.

पोहोचणे

बेळगावहून पुणे-बेंगळूर महामार्गाने पुण्यापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि तिथून नारायणगाव-संगमनेर मार्गे नाशिकपर्यंत सुमारे दोनशे दहा किलोमीटर, असा हा रात्रभराचा प्रवास आहे. रेल्वेने जायचे झाल्यास गोवा एक्सप्रेस बेळगावहून पुणे, दौंड, अहिल्यानगर असे करत मनमाडला जाते. ती नाशिक रोडला जात नाही, म्हणून मनमाडला उतरून पुढचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दुसऱ्या गाडीने किंवा बसने जावे लागते. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळी-निपाणीपाशीच थांबतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन असते त्या सुमारास निघणार असाल तर रेल्वेचे आरक्षण अधिक भरवशाचे.

रात्रभर प्रवास करून सकाळी उतरलेल्या माणसांना त्याच दुपारी वाईन पाजू नये. झोप न झालेल्या शरीराला थोडेसे मद्यही जास्त चढते, आणि बोटीत मळमळण्याची शक्यताही वाढते. हा कार्यक्रम मुक्कामाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवावा.

नोंदणी करताना विचारायच्या गोष्टी

वाहन, वाटाड्या, बोट आणि टेस्टिंग या चारही गोष्टी एकाच सहल कंपनीकडून घेता येतात किंवा सुट्या जमवता येतात. सहा माणसांपर्यंतच्या कुटुंबाने चालकासह गाडी अर्ध्या दिवसाच्या भाड्याने घ्यावी आणि बाकीचे स्वतः ठरवावे. त्यापेक्षा मोठा गट असेल तर कंपनी परवडते. भाडे बोलताना ‘लोकल’ आणि ‘आउटस्टेशन’ यांतला फरक, तासांची मर्यादा, किलोमीटरची मर्यादा आणि थांबण्याचा आकार हे सर्व आधीच स्पष्ट करून घ्यावे, कारण अर्ध्या दिवसाची मर्यादा ओलांडली की हिशेब एकदम पूर्ण दिवसाचा होतो.

वाईनरीकडे नोंदणी करताना वेळ ठरवून घ्यावी, नुसते ‘या कधीही’ यावर विसंबू नये. टेस्टिंगमध्ये किती वाईन देतात, प्रत्येकीचे माप किती, मळ्याची आणि कारखान्याची फेरी त्यात धरली आहे की वेगळी, न पिणाऱ्यांना फक्त फेरीचे तिकीट मिळते का, हे विचारावे. वयाचा दाखला सर्वांनी जवळ ठेवावा आणि कॉलेजातल्या मुलामुलींबाबत तर आधीच विचारावे, म्हणजे दारात वाद होत नाही. भाषेचाही प्रश्न आहे. वाईनरीतले सहायक सवयीने इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात. आपल्याकडच्या कित्येक आजी-आजोबांना मराठी आणि कन्नड उत्तम येते, पण इंग्रजीमिश्रित हिंदी कानावरून जाते. मराठीत सांगणारा सहायक द्यावा अशी विनंती नोंदणीच्या वेळीच केली तर बहुधा मान्य होते, शेवटी तोही नाशिकचाच असतो.

बोट क्लबला निघण्याच्या दिवशी सकाळी फोन करणे अत्यावश्यक आहे. वारा वाढला किंवा पाण्याची पातळी खाली गेली तर फेऱ्या थांबवल्या जातात, आणि तसे करणेच योग्य असते.

दुपारची आखणी

दुपारी एकच्या आत जेवण उरकावे. वरण-भात, भाजी-पोळी, दही असे साधे जेवण पुरेसे आहे. नाशिकची मिसळ त्या दिवशी सकाळी किंवा दुपारी खाऊ नये; तिखट रश्शाने जीभ तासन्‌तास बधिर राहते आणि नाजूक चवीची पांढरी वाईन त्यानंतर नुसत्या आंबट पाण्यासारखी लागते. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, निघताना खावी.

दीडला निघावे. अशोक स्तंभाकडून गंगापूर रस्त्याला लागले की आधी आनंदवल्ली येते. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या वास्तव्याशी हा भाग जोडलेला आहे आणि नदीकाठचा नवश्या गणपती इथलाच. दर्शनाला पंधरा मिनिटे पुरतात. त्यापुढे सोमेश्वर महादेवाचे देऊळ आणि थोड्या अंतरावर गोदावरीचा धबधबा आहे, ज्याला स्थानिक लोक दूधसागरही म्हणतात. कॅसलरॉकजवळचा दूधसागर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी अपेक्षा बेताचीच ठेवावी; हा काही डोंगरावरून कोसळणारा प्रपात नाही, काळ्या कातळाच्या पसरट पायऱ्यांवरून नदी इथे खाली उतरते. हिवाळ्यात धार बारीक असते, वरच्या धरणातून पाणी सोडले असेल तर भरून वाहते. कातळ शेवाळलेला असतो, म्हणून वयस्क माणसांनी वरच्या बाजूनेच पाहावे आणि कोणीही पाण्यात उतरू नये. इथे चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देण्याचे कारण नाही.

या ठिकाणी गटातले कोणीतरी हमखास पांडवलेण्यांचा विषय काढते. लेणी पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. सातवाहन आणि क्षत्रप यांचे शिलालेख तिथे आहेत आणि तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तर महाराष्ट्राच्या इतिहासाचे मोठे साधन आहे. पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई महामार्गालगतच्या टेकडीवर आहेत आणि वर जायला बऱ्याच पायऱ्या आहेत. लेण्यांना आणि पंचवटीतल्या काळाराम मंदिराला वेगळी सकाळ द्यावी. डॉ. आंबेडकरांच्या १९३० च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचे ते ठिकाण घाईत उरकण्याचे नव्हे.

तीनच्या सुमारास गोवर्धन ओलांडून पुढे जावे. वाईनरीच्या पाट्या याच टप्प्यात दिसू लागतात आणि गाडीतल्या तरुण मंडळींना तिथेच उतरायची घाई होते. थांबू नये. बोट क्लब पुढे जलाशयाच्या काठावर आहे. तिथे जाऊन परत फिरताना वाईनरी वाटेवरच लागते.

जलाशयावर

गंगापूर धरण हे गोदावरीवरचे मातीचे धरण असून ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. नाशिक शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः इथूनच मिळते, आणि खालच्या बाजूला जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावरून नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दर टंचाईच्या वर्षी वाद होतो. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी रोज वर्तमानपत्रात पाहणाऱ्या बेळगावकरांना याचे मर्म वेगळे समजावण्याची गरज नाही. म्हणून वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, फुलांचे निर्माल्य यांपैकी काहीही पाण्यात टाकू नये. आपल्यातले काही जण श्रद्धेने नाणी आणि हार टाकतात, त्यांनाही थांबवावे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने इथे बोट क्लब उभारला आहे. सावकाश फिरणारी मोठी बोट आणि वेगाने जाणारी लहान बोट असे दोन प्रकार ढोबळमानाने असतात. वयस्क माणसे, लहान मुले आणि कंबरदुखी किंवा मानेचे दुखणे असणारे यांनी सावकाश बोटच घ्यावी, कारण वेगवान बोट लाटेवर आपटते तेव्हा बसणारा हिसका मणक्याला जाणवतो. गर्भवती स्त्रियांनी वेगवान बोटीत बसूच नये.

बोटीत चढण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. बोटीवर लिहिलेली माणसांची मर्यादा आणि प्रत्यक्ष चढणारी माणसे जुळतात का; प्रत्येकाला लाईफ जॅकेट मिळाले का आणि त्याचे सर्व पट्टे आवळले आहेत का; लहान मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट दिले आहे का. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाच्या अंगात घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येते. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटून मुले आणि शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नसणे ही त्यामागची ठळक कारणे समोर आली. तेव्हा ‘दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे’ असे म्हणणाऱ्या काकांचे ऐकू नये. साडीवर जॅकेट घालताना पदर आत खोचून घ्यावा, चपला काढून ठेवाव्यात, फोटोसाठी सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये.

मळमळीच्या भीतीने आपल्याकडे अनेक जण ॲव्होमिनची गोळी घेतात. घाटातल्या प्रवासाला ती ठीक आहे, पण या दिवशी अडचणीची ठरते, कारण तिच्यामुळे आधीच गुंगी येते आणि तिच्यावर मद्य पडले की ती गुंगी वाढते. ज्याने गोळी घेतली त्याने वाईन सोडून द्यावी, किंवा ज्याला वाईन चाखायची आहे त्याने गोळी न घेता बोटीच्या मध्यभागी बसून नजर लांबच्या काठावर ठेवावी.

पाणी आधी का, याचे कारण आता वेगळे सांगायला नको. मद्य घेतलेल्या माणसाचा तोल जातो, धोक्याची जाणीव कमी होते आणि पाण्यात पडल्यास तो लवकर दमतो. म्हणून एक घोट घेतलेल्या माणसालाही बोटीत बसवू नये. सकाळचा पर्याय निवडणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा. सकाळी वारा कमी असल्याने पाणी शांत असते, त्यामुळे वयस्क माणसे जास्त असलेल्या गटाला मी सकाळच सुचवतो. फक्त वाईनरी उघडण्याची वेळ विचारून त्या हिशेबाने बोट घ्यावी.

वाईनरीची फेरी

पावणेपाच ते पाचच्या दरम्यान वाईनरीत पोहोचावे. हिवाळ्यात सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, तेव्हा मळ्याची फेरी उजेडात होते आणि टेस्टिंग संपताना सज्जातून सूर्यास्त मिळतो.

मळ्यात पहिली गोष्ट ध्यानात येईल ती द्राक्षाच्या आकाराची. खाण्याची थॉमसन किंवा सोनाका जात लांबट, पातळ सालीची आणि बिनबियांची असते. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. रस कमी आणि साल जास्त हे शेतकऱ्याला तोट्याचे वाटेल, पण रंग, सुगंध आणि तुरटपणा यांचा मोठा भाग सालीतच असतो. परवानगीशिवाय घड तोडू नये आणि फवारणीचा काळ असल्याने न धुता तोंडात तर मुळीच टाकू नये.

आत गेल्यावर दाबयंत्र, पोलादी टाक्या आणि लाकडी पिंपांची खोली हे तीन टप्पे दाखवतात. बहुतेक सर्व द्राक्षांचा रस, काळ्या द्राक्षांचासुद्धा, जवळजवळ रंगहीन असतो. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा काढून साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यात आंबवतात. लाल वाईनसाठी तो सालीसकट, त्यापेक्षा उबदार तापमानात आंबवतात आणि रंग सालीतून उतरतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कर्बवायू तयार करते. नाशिकच्या हवेत टाक्यांना थंड ठेवणे हा खर्चाचा भाग, त्यामुळे टाक्यांभोवतीचे थंड पाण्याचे आवरण कुठे आहे हे सहायकाला दाखवायला सांगावे. ओक लाकडाचे नेहमीचे पिंप सुमारे २२५ लिटरचे असते आणि ते प्रत्येक वाईनला वापरत नाहीत. कोणत्या वाईनला पिंप दिले आणि का, हा एक प्रश्न विचारला तरी सहायक पाठ केलेले भाषण सोडून मोकळेपणाने बोलू लागतो, असा अनुभव आहे.

चाखण्याची रीत

टेस्टिंगसाठी बसण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी. त्या दुपारी पान, जर्दा, मिश्री, लवंग, बडीशेप काहीही तोंडात नसावे. निपाणीच्या मंडळींना हे सांगणे अवघड आहे, पण तंबाखूच्या वासाखाली कोणतीही वाईन सारखीच लागते. अत्तर आणि मोगऱ्याचा गजराही त्या तासापुरता दूर ठेवावा. स्वतःच्या नाही, तर शेजारी बसलेल्याच्या नाकासाठी.

क्रम सहायकच ठरवतो: बुडबुड्यांची वाईन, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. हलक्याकडून जडकडे जाणारा हा क्रम मोडू नये. पेला देठाला धरावा, कारण तळहाताच्या उबेने पांढरी वाईन गरम होते. आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरका करून कडेचा रंग पाहावा. मग टेबलावर ठेवूनच तो गोल फिरवावा, हवेत फिरवायला गेले की नवख्याच्या शर्टावर डाग पडतो. नाक पेल्यात नेऊन एकदाच दीर्घ हुंगावे. सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये पेरू, हिरवी ढोबळी मिरची, कापलेले गवत असे वास येतात. शिराझ या लाल वाईनमध्ये काळी मिरी आणि पिकलेल्या काळ्या फळांचा वास येतो. नंतर लहान घोट घेऊन तो दोन-तीन सेकंद तोंडात सर्वत्र फिरवावा. तोंडाला पाणी सुटले तर ती वाईनची आम्लता. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आखडतात तसे झाले तर तो सालीतून आलेला टॅनिनचा तुरटपणा. पहिल्यांदा पिणाऱ्यांना लाल वाईन कडवट आणि बिघडलेली वाटते, ती या तुरटपणामुळे. तिच्यासोबत चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला की चव बदललेली लक्षात येते.

घोट गिळलाच पाहिजे असे मुळीच नाही. थुंकण्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते आणि जगभरचे जाणकार तेच करतात. आपल्या संस्कारात पंक्तीत बसून थुंकणे असभ्य असल्याने सुरुवातीला संकोच होतो. तो बाजूला ठेवावा. पेल्यात उरलेली वाईनही त्याच भांड्यात ओतता येते आणि त्यात यजमानाचा अपमान होत नाही.

हिशेब करून पाहावा. पाच प्रकारच्या वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटर. सुमारे १३ टक्के तीव्रतेने त्यात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल होते. हे एका पूर्ण पेल्याइतके आहे आणि माप मोठे असेल तर त्याहून अधिक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा ठरते आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून स्वतःच्या गाडीने आलेल्या गटात चालवणाऱ्याने एकही घोट घेऊ नये, आणि भाड्याच्या चालकालाही ‘घे रे थोडी’ असा आग्रह करू नये. मधुमेहाची इन्सुलिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चाखणे धोक्याचे आहे, कारण रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर मद्य पूर्ण टाळावे.

प्रत्येक कुटुंबात गळ्यात तुळशीची माळ असलेले, व्रत असलेले किंवा फक्त इच्छा नसलेले कोणी ना कोणी असतेच. त्यांनी मळ्याची आणि कारखान्याची फेरी जरूर करावी, कारण ती द्राक्षशेती समजून घेण्याची चांगली संधी आहे. टेस्टिंगच्या वेळी त्यांना सज्जात बसवून द्राक्षाचा रस किंवा कॉफी मागवावी, सोबतीला घरातले एक माणूस द्यावे, आणि ‘औषधासारखी असते’ असे सांगून आग्रह करणे कटाक्षाने टाळावे.

बेळगावहून कोणीतरी कुंदा घेऊन निघालेले असतेच. तो गोड वाईनबरोबर खाऊन पाहण्याचा मोह होईल. नियम असा आहे की वाईन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. आटवलेल्या दुधाचा कुंदा उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड शेनिन ब्लांपेक्षाही इतका गोड असतो की वाईन त्याच्यापुढे आंबट होऊन बसते. त्यापेक्षा खारे काजू किंवा साधे चीज चांगले जुळते.

बाटली आणि परतीचा रस्ता

टेस्टिंग संपल्यावर बाहेर पडण्याची वाट दुकानातूनच जाते, अशी बहुतेक वाईनरींची मांडणी असते, आणि दोन पेल्यांनंतर किंमत कमी वाटू लागते. घ्यायचीच असेल तर एकच बाटली घ्यावी, ती मुक्कामाच्या ठिकाणी महाराष्ट्रातच संपवावी आणि पावती जपून ठेवावी. एका राज्यात कर भरलेले मद्य दुसऱ्या राज्यात नेणे हा अबकारी खात्याच्या परवानगीचा विषय आहे, आणि कोगनोळीच्या नाक्यावर सामान उघडून समजावत बसण्यात काहीच अर्थ नाही. सुलाची वाईन कर्नाटकातही विकली जाते आणि बेंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणजवळ त्यांची वाईनरीही आहे, तेव्हा आवडलेल्या वाईनचे नाव आणि वर्ष लिहून आणले तरी पुरते. गाडीच्या डिकीत दिवसभर उन्हात राहिलेली बाटली तशीही बिघडते.

वाईनरीतच रात्रीचे जेवण घ्यायचे असल्यास टेबल वेगळे राखून ठेवावे लागते आणि ते खर्चिक असते. मोठ्या कुटुंबाने शहरात परतून साधी थाळी घेणे बरे. सातला निघाल्यास वाटेत गर्दी धरूनही आठपर्यंत हॉटेल गाठता येते. झोपण्यापूर्वी प्रत्येकाने दोन पेले पाणी प्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बेळगावकडे गाडी हाकायची असेल तर चालकाची निदान सात तास झोप होईल अशा बेताने निघण्याची वेळ त्याच रात्री ठरवून टाकावी.